पोस्टरवर एकटी आई

३ ऑगस्ट, डिचोली

आज नातवाची दहाव्या आठवड्याची लस झाली. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर स्तनपान सप्ताहाचं नवं पोस्टर लागलंय. गुलाबी साडीतली आई, मांडीवर बाळ, खाली सूचना : जन्मल्यावर पहिल्या तासात पाजा, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि त्याहूनही जास्त. सगळं खरं. अंगणवाडीत असताना मीही हेच सांगत फिरायची. पण आज रांगेत बसल्या बसल्या वाटलं, या चित्रात दुसरं माणूसच कसं नाही? ना नवरा, ना सासू, ना बाळ बघायला येणारी वयनी. पाजणं मोडतं ते तर बहुतेक वेळा याच लोकांमुळे.

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पायातली चप्पल काढायच्या आधी विचारतो, "दूद पुरता मगे?" विचारणारीच्या पोटात माया असते, पण सून ते ऐकून खोलीत जाते ती रडवेली होऊनच बाहेर येते. त्यात संध्याकाळी हा पठ्ठ्या दोन-दोन तास ओढत राहतो. या वयाची पोरं संध्याकाळी अशी लागोपाठ पितातच. पण बघणाऱ्याचं निदान ठरलेलं : पोट भरत नाही, एक बाटली द्या. बाटली दिली की पोर झोपतं, सगळे खूष. इकडे छातीला मात्र निरोप जातो की आज कमी लागलं. दूध जितकं ओढलं जाईल तितकं बनतं, हा साधा हिशोब आहे. म्हणून मी रडण्यावर जात नाही, लंगोट मोजते. दिवसाला सहा-सात ओले आणि काट्यावर वजन वाढतंय, मग पुरतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, दोनेक आठवड्यांत भरून निघतं. तेवढ्यातच घाबरून दुधाच्या पावडरचा डबा आणणारी घरं मी खूप पाहिली.

१९९२ साली आपल्याकडे कायदा झाला. बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करायची नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायचं नाही. चांगलाच कायदा. पण तो डब्याला लागू, शेजाऱ्यांना नाही! (डॉक्टरांनी गरज पाहून डबा सांगितला तर तो द्यावा, त्यात आईने मान खाली घालण्यासारखं काही नाही. माझा राग अंदाजाने दिलेल्या बाटलीवर आहे.)

सासूबाईंशी मात्र खरी झटापट झाली. वेखंड, जायफळ आणि वर मधाचं बोट. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात ते रुजले तर अंग लुळं पडतं. हे त्यांना पटलं नाही. "तुझा नवरा याच गुटीवर वाढला," म्हणाल्या. सहाण मी माळ्यावर टाकली, त्या माझ्याशी बोलेनात. पाण्याचंही तेच. अंगावरच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं, वेगळे दोन चमचे कशाला?

सुनेची आई सावंतवाडीला, गुडघ्यांनी बेजार, म्हणून बाळंतपण इथेच झालं. तिच्या ताटाकडे माझं लक्ष असतं. पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा सहाशेएक कॅलरी जास्त लागतात, आणि आमच्या बायका मात्र हे वातूळ, ते थंड म्हणून तिचं ताट अर्धं करतात. मी तिला उकड्या तांदळाची पेज, अळिवाची खीर आणि मुड्डोशी मासळी देते. श्रावण आला तरी तिला सूट, असं मीच जाहीर केलंय. पण खरं औषध झोपेचं आहे. दूध बनवणारा संप्रेरक रात्री जास्त वाढतो, म्हणून रात्रीचं पाजणं टाळून भागत नाही. मग दिवसा तिला कुणीतरी पडू दिलं पाहिजे. मुलगा वेर्ण्याहून कामाची पाळी करून येतो, तरी रात्रीचा ढेकर आणि लंगोट त्याच्याकडे. सुरुवातीला त्याने तोंड वाकडं केलं. आता तो मित्रांना फोनवर ढेकर काढायची पद्धत शिकवत असतो.

पुढची काळजी नोव्हेंबरची. सव्वीस आठवड्यांची रजा तेव्हा संपते, आणि नेमकं तेव्हाच वरचं अन्न सुरू करायचं. बाळ जन्मताना घेऊन आलेलं लोह सहा महिन्यांपर्यंत सरत येतं, दुधातून ते थोडंच मिळतं. पेजेची निवळ पाजून काही होत नाही. एवढंसं पोट पाण्यानेच भरतं. अंगणवाडीत मी चमचा तिरका करून दाखवायची : खाली ओघळलं तर पातळ झालं. नाचणीचं तिझण, म्हणजे खीर, घट्ट करायचं, मीठ-गूळ न घालता. डाळ, अंड्याचा बलक, काटे नीट काढलेलं मासळीचं बोटभर मऊ तुकडं, आणि दूध चालूच.

सून पणजीला ऑफिसात असताना तिचं काढून ठेवलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवस राहतं, पण दारात नाही, मागच्या थंड बाजूला ठेवायचं. तिथे सध्या आमच्या ह्यांच्या कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांची रांग आहे. त्या हलवायला मी सांगणार नाही, मुलालाच सांगू दे.