मंदी आली तेव्हा पोर किती वर्षांचं होतं?

समजा, १९३३ साल आहे, १९२९ला सुरू झालेली महामंदी ऐन भरात आहे. कॅलिफोर्नियातल्या एका घरात वडिलांची कमाई चार वर्षांत जवळपास अर्ध्यावर आली आहे. घरात दोन मुलगे आहेत, एक बारा वर्षांचा आणि एक चार वर्षांचा. घर एक, बाप एक, तंगीही एकच. या तंगीचा दोघांवर सारखाच परिणाम होईल का?

‘सामाजिक बदल आणि किशोरवय’ हा विषय आपल्याकडे दोन वेगवेगळ्या पेपरांत शिकवला जातो. समाजशास्त्राच्या पेपरात समाजाचे नियम ढिले पडून माणूस दिशाहीन होतो, ही दुर्खीमची ‘अ‍ॅनोमी’ येते. तंत्रज्ञान पुढे जातं आणि रीतीभाती मागे रेंगाळतात, ही ऑगबर्नची १९२२ची ‘सांस्कृतिक विलंबना’ही तिथेच असते. मानसशास्त्राच्या पेपरात किशोरवय म्हणजे उलथापालथीचा काळ, हे स्टॅन्ली हॉलचं १९०४चं ‘वादळ आणि ताण’ आणि ‘मी कोण?’ या प्रश्नाचा एरिक्सनचा ‘अस्मितेचा पेच’ असतो. पहिल्या पेपरात समाज बदलतो पण त्यात मूल कुठे दिसत नाही. दुसऱ्यात मूल वाढतं, पण ते कोणत्या साली वाढतंय हे कोणी विचारत नाही. विद्यार्थी मग प्रबंधात दोन्ही प्रकरणं एकापुढे एक ठेवतात आणि मधे ‘त्याचप्रमाणे’ लिहून मोकळे होतात.

हा सांधा नीट जुळवला तो ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने. त्याचं ‘चिल्ड्रेन ऑफ द ग्रेट डिप्रेशन’ १९७४ साली आलं. गंमत म्हणजे त्यातली माहिती त्याने स्वतः गोळा केलेली नव्हती. बर्कलीच्या विद्यापीठातली संशोधक मंडळी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ओकलंडमधल्या शाळकरी मुलांच्या नोंदी ठेवत होती. मूळ हेतू मुलांची वाढ पाहण्याचा होता, मंदी अभ्यासण्याचा नव्हे. १९६०च्या दशकात एल्डर तिथे कामाला लागला तेव्हा त्याच्या हाती १६७ मुलांची कागदपत्रं पडली. ही सगळी १९२०-२१ची जन्मलेली, म्हणजे मंदीचा कडेलोट झाला तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती.

त्याने मांडणी कशी केली ते सावकाश पाहण्यासारखं आहे. आधी कुटुंबांचे दोन थर केले, मध्यमवर्गीय आणि कामगारवर्गीय. हे ठरवलं १९२९च्या, म्हणजे मंदीपूर्वीच्या स्थितीवरून. मग १९२९ आणि १९३३चं उत्पन्न ताडून पाहिलं. ज्यांचं उत्पन्न साधारण ३५ टक्क्यांहून जास्त घटलं ती ‘झळ बसलेली’ कुटुंबं, बाकीची ‘झळ न बसलेली’. आता ३५च का? कारण त्याच काळात जगण्याचा खर्चही साधारण पाव हिश्शाने उतरला होता. उत्पन्न २० टक्क्यांनी घटलं आणि भाव २५ टक्क्यांनी उतरले, तर त्या घरात तंगी आली असं म्हणता येत नाही. आपल्याकडच्या प्रश्नावल्यांत ‘उत्पन्न घटले का? हो / नाही’ एवढ्यावरच भागवतात, आणि मग निष्कर्षच निघत नाही म्हणून विद्यार्थी डोक्याला हात लावतो.

दोन थर गुणिले दोन गट, असे चार कप्पे झाले. यामुळे ‘गरिबी’ आणि ‘पडझड’ वेगळ्या झाल्या. आधीपासून गरीब असणं ही एक गोष्ट, बऱ्या स्थितीतून घसरणं ही दुसरी. दोन्ही एकाच शब्दात कोंबलं की सगळा अभ्यास चिखलात रुततो.

झळ बसलेल्या घरात नेमकं काय झालं? पैसा कमी झाल्यावर बाहेरून विकत घ्यायच्या गोष्टी घरात कराव्या लागल्या. शिवणं, धुणं, रांधणं वाढलं आणि ते मुलींच्या वाट्याला आलं. मुलगे बाहेर किरकोळ पगारी कामं करू लागले. वडिलांचं घरातलं वजन घटलं, आईचं वाढलं. बारा-तेराचा मुलगा चार पैसे आणतोय, त्याच्याशिवाय घराचं अडतंय, हे त्याला स्वतःलाही कळत होतं. अशा मुलांना पुढे काय काम करायचं याची स्पष्टता लवकर आली. मध्यमवर्गातली झळ बसलेली मुलं मोठेपणी खचलेली निघाली नाहीत. झळ न बसलेल्यांच्या तुलनेत ती काही बाबतींत अधिक खंबीर होती. मुलींचं चित्र मात्र वेगळं. घरकामाचा संस्कार पक्का झाला, मध्यमवर्गातल्या मुलींची लग्नं लवकर झाली.

इथवर वाचून ‘हालअपेष्टांनी माणूस घडतो’ असं म्हणायचा मोह होतो. थांबा. बर्कलीतच दुसरा एक गट होता, १९२८-२९च्या जन्माचा. हीच मंदी त्यांच्या पाळण्यात आली. त्यांना घरात हातभार लावता येत नव्हता. वडिलांची चिडचिड आणि आईबापांची भांडणं तेवढी वाट्याला आली, तीही पूर्ण बालपणभर. या गटातल्या झळ बसलेल्या मुलग्यांमध्ये किशोरवयात आत्मविश्वास कमी आणि शाळेतली प्रगती यथातथा दिसली. मुलींना आईच्या जवळिकीचा आधार मिळाला, त्या तुलनेने तगल्या. म्हणजे वरचा बारा वर्षांचा आणि चार वर्षांचा मुलगा एका छपराखाली राहूनही दोन निराळ्या मंदींतून गेले.

एल्डरच्या मांडणीतली सूत्रं यातूनच निघतात: काळ आणि स्थळ, बदल कोणत्या वयात गाठतो, माणसांची एकमेकांत गुंतलेली आयुष्यं आणि माणसाची स्वतःची धडपड. परीक्षेत ही पाठ करून लिहिली जातात. पण खरं काम ‘गुंतलेली आयुष्यं’ हे सूत्र करतं. पगार कापला जातो बापाचा. मुलापर्यंत पगार पोचत नाही, बापाची मनःस्थिती पोचते. १९८९पासून आयोवा राज्यातल्या शेतीसंकटात ४५१ कुटुंबांचा माग काढताना संशोधक रँड कॉन्जर आणि एल्डर यांना हीच साखळी दिसली: उत्पन्नातली घट, मग बिलं थकणं, मग आईबापांचं खचणं, मग आपसातला कलह, मग मुलांशी वागण्यातला तुसडेपणा किंवा दुर्लक्ष, आणि शेवटी मूल. म्हणून प्रश्नावलीत फक्त उत्पन्न आणि मुलाचे गुण घेतले तर मधल्या चारही कड्या गळतात.

आणखी एक सावधगिरी. ओकलंडच्या मुलांची कामं शाळा सांभाळून होती. आपल्याकडे बीडच्या ऊसतोड कुटुंबातलं मूल ऊस तोडणाऱ्या आईबापांबरोबर पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर जातं, तिथे धाकटं भावंड सांभाळतं, आणि परत येतं तोवर वर्गाचा अभ्यास निम्म्याहून पुढे गेलेला असतो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आईबापांनी घेतलेली, फेड मात्र सगळ्या घराने करायची. या दोन्हींना ‘जबाबदारीची जाणीव’ म्हणणं हा शुद्ध आळस आहे. काम किती तासांचं, शाळा चालू की बंद, आणि ते काम घरात कोणाच्या लेखी मोलाचं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय एल्डरचा दाखला देऊ नये.

आता सर्वांत जास्त घडणारी चूक. पंधरा वर्षांच्यांना आणि पंचेचाळीस वर्षांच्यांना एकाच वर्षी एकच प्रश्नावली द्यायची आणि फरकाला ‘सामाजिक बदल’ म्हणायचं. तो फरक वयाचाही असू शकतो. पंचेचाळीसचा माणूस पंधराचा असताना तसाच बंडखोर असेल! चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केलं की वय येतं. तिन्हींतल्या दोन गोष्टी ठरल्या की तिसरी आपोआप ठरते, त्यामुळे एका सर्वेक्षणातून तीन वेगळे परिणाम काढताच येत नाहीत. ‘जेन-झी अशी, मिलेनियल तशी’ या याद्या तर सोडूनच द्या. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइमने १९२८ सालीच सांगितलं होतं की एका काळात जन्मलं म्हणून एक पिढी होत नाही, त्या काळाच्या उलथापालथीत एकत्र सापडावं लागतं. आणि सापडल्यावरही सगळे एकसारखा अर्थ लावत नाहीत.

वर्षानुवर्षं माग काढायला पैसा नसेल तर जीवनपट भरून घ्यावा. आडवा कागद घ्या. वर बारा ते वीस वयाची नऊ वर्षं, डावीकडे पाच ओळी: राहणं कुठे, शाळा, काम, घरातली माणसं, आजारपण. ‘कोणत्या साली?’ असं विचारू नका, उत्तर अंदाजपंचे येतं. आधी पक्क्या खुणा भरा: धाकट्या भावंडाचा जन्म, बहिणीचं लग्न, किल्लारीचा भूकंप, नोटबंदी, लॉकडाऊन. मग त्यांच्या अलीकडे-पलीकडे बाकीचं बसवत जा. वयस्कर माणूस ‘मॅट्रिक’ म्हणाला तर विचारून घ्या, कारण सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती अकरावीला होती. एक वर्षाची चूक तिथेच शिरते.

आणि शाळेच्या दाखल्यावरच्या १ जूनवर तर अजिबात विसंबू नका. मास्तरांनी पोर वर्गात बसवण्यासाठी अंदाजाने घातलेली ही तारीख महाराष्ट्रात इतक्या जणांची आहे की ती जन्मतारीख नसून प्रवेशाची सोय आहे. वय दोन वर्षांनी चुकलं तर दहाचा मुलगा बाराच्या कप्प्यात जातो आणि सगळी मांडणी कोसळते. अशा वेळी सरळ विचारावं: बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही आईच्या कडेवर होतात, की सुकडीच्या, म्हणजे दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या खाऊच्या, रांगेत उभे होतात, की खडी फोडायला जात होतात?