झेब्रा, गड्डा आणि गरगर

शनिवार, रात्री साडेदहा

पोरगं एकदाचं झोपलं. झेब्र्याच्या पोटाखालचं बटणही बंद केलं. तरी कानात ते गाणं चालूच आहे.

हा झेब्रा मामानं भाच्याला पहिल्या वाढदिवसाला दिलेला. खाली गोल जाड बैठक, वर पट्ट्यापट्ट्यांचं जनावर, धरायला दोन मुठी. वर बसून उड्या मारल्या की वरखाली होतं, पायानं रेटलं की गरगर फिरतं. हललं की गाणं लागतं, हलायचं थांबलं की थोड्या वेळानं गप्प होतं. खोक्यावर बारा महिन्यांपासून चालेल असं लिहिलेलं, पण तेव्हा याचे पाय हवेतच लोंबकळत होते. या खेळण्यात वय बघून उपयोग नाही, पाय बघावे लागतात. फरशीला पाऊल टेकल्याशिवाय रेटणार कसं? तोवर झेब्र्यावर टॉवेल वाळत होते. सोलापुरात टॉवेलांना काय तोटा!

आता पाय पुरतात. फक्त सकाळच्या थंडीत मोजे घातले की शहाबादी फरशीवर पाय सटकतात आणि झेब्रा जागचा हलत नाही, मग हा चिडतो. मोजे काढले की सुसाट.

आवाजाच्या बटणाला दोन खाचा आहेत : मोठा आणि त्याहून मोठा. मी स्पीकरच्या जाळीवर चिकटपट्टीचे दोन थर दिले, तेव्हा कुठं खालच्या मजल्यावरच्यांशी बोलणं सुरळीत राहिलं. तरी आत्या भाकरी थापताना तीच इंग्रजी चाल गुणगुणतात, ते वेगळंच.

समोरच्या अक्कांच्या मुलीची तऱ्हा उलटी. त्यांच्याकडचं खेळणं कुणी बसलेलं नसलं तरी मधूनच आपणहून बोलतं, मुलाला बोलवायला म्हणून. ती एवढीशी पोर त्या आवाजानं भेदरून आईच्या कडेवर चढायची. अक्कांनी सेल काढून ठेवले. त्या दिवसापासून मुलगी त्या मुक्या जनावरावर बसून जेवतेसुद्धा. ऑफिसातल्या मैत्रिणीचा मुलगा तर कधी बसलाच नाही. तो खेळणं आडवं पाडतो आणि बैठकच चाकासारखी फिरवत बसतो. त्याचंही काही चुकत नाही.

आत्यांना एकच काळजी. ‘नको गं एवढं फिरू देऊ, भोवळ येईल की त्याला.’ कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. डोकं फिरायला लागलं की ते पाणी मागं राहतं, आणि आपण थांबलो तरी ते काही वेळ फिरत राहतं. म्हणून थांबल्यावर घर फिरतंय असं वाटतं. तोल सांभाळायचा तर मेंदूला याच नळ्यांकडून खबर मिळते, आणि फिरताना-उडताना लेकराला तिचाच सराव होतो. फुगडी, भिंगरी हे तेच की. शिवाय दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी लागण्याचा त्रास क्वचितच होतो, तो पुढं सुरू होतो. मळमळतं ते आपल्याला, नुसतं बघून. आत्यांना हे सगळं सांगितलं. ‘असेल बाई,’ म्हणाल्या आणि उशी घेऊन झेब्र्याजवळ बसल्या.

आज गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला गेलो. अक्षता सोहळ्याच्या दिवशी नंदीध्वजांच्या गर्दीत लेकराला न्यायची छाती झाली नव्हती, म्हणून आज होम मैदानावर. यांना वाटलं, घरी दिवसभर फिरतो, घोड्यांच्या पाळण्यात खूश होईल. बापाच्या मांडीवर बसला, पाळणा हलला आणि जो भोंगा सुरू केला! उतरवा म्हणून मी खालून हात करतेय, पाळणेवाला हसतोय. खाली आल्यावर आधी नाक पुसलं, मग फुगा हातात दिला तेव्हा गाडी रुळावर आली.

घरी येऊन झेब्र्यावर बसला, तेव्हा नीट बघत राहिले. उजव्या पायानं रेटून एक फेरी मारली. मग पाय रोवून थांबला, मान कलती करून गाणं बंद होण्याची वाट बघितली. बंद झालं. माझ्याकडं बघून हसला आणि पुन्हा रेटलं. गाणं लागलं. गाणं आपल्यामुळं लागतं, हे त्याला कळलंय आणि तो ते पुन:पुन्हा तपासून बघतोय. गड्ड्याच्या पाळण्यात ते त्याच्या हातात नव्हतं. यांनी कौतुकानं झेब्र्याला मागून धरून जोरात फिरवलं की हा यांच्या हातावर चापट मारतो, त्याचंही कारण हेच असणार. मी तर म्हणेन, मोठ्यांनी फिरवूच नये. त्याला झेपेल तेवढंच तो फिरतो आणि पुरे झालं की स्वत:च उतरतो.

नणंदेचा फोन होता, तिच्याकडं असा झेब्रा घेऊ का म्हणून. तिचं बाळ अजून धरून उभं राहतंय. म्हटलं, घाई करू नकोस. घेशील तेव्हा आयएसआयचा शिक्का बघ. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे, बाहेरून आलेल्यांनासुद्धा. आमच्या इथला एक दुकानदार ‘इंपोर्टेड आहे, शिक्का कशाला’ म्हणाला होता, त्याचं ऐकायचं नाही. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवं, नखानं उघडणारं नको. आणि तुझ्या हॉलमध्ये तो काचेचा टीपॉय आहे ना, तो आधी हलव. या शेवटच्या सूचनेवर ती जरा नाराज झाली, टीपॉय माहेरचा आहे म्हणे.

झेब्र्याचे सेल संपत आलेत, संध्याकाळपासून गाणं मधेच अडकायला लागलंय. हे म्हणाले, उद्या नवी पेठेत जाणारच आहे, घेऊन येतो. म्हटलं, तेवढ्यासाठी नका थांबू तिथं.