टोमॅटो: बी ते रोप, माझा अनुभव

टोमॅटोचं बी रुजवणं अवघड नाही, हे आधीच सांगून टाकते. ऊब आणि ओल मिळाली की ते उगवतंच. कस लागतो तो कोंब वर आल्यानंतर, आणि तिथे खतापेक्षा उजेड आणि पाण्यावरचा ताबा कामाला येतो.

येत्या हंगामासाठी तयार रोपं न आणता बियांपासून सुरुवात करायची ठरवली ती मुख्यतः वाणांसाठी. तयार रोपांत जे असेल ते घ्यावं लागतं. बी घेताना निवडीला वाव असतो. बुटक्या जातींची वाढ एका टप्प्यावर थांबते आणि फळं थोड्या दिवसांत एकदम येतात. उंच जाती वाढतच राहतात, त्यांना आधार द्यावाच लागतो, पण तोडा बराच काळ चालतो. मी दोन्ही घेतल्या. मात्र भर सरळ वाणांवर, म्हणजे ज्यांच्या बियांतून त्याच गुणांची झाडं येतात अशा वाणांवर ठेवला, कारण मला बी धरायची हौस आहे आणि संकरित झाडाच्या फळातलं बी पेरलं तर पुढची झाडं त्याच गुणांची निघत नाहीत.

थोडं बी एका सरळ वाणाच्या पिकलेल्या फळातूनही काढलं. बियांभोवती जो बुळबुळीत थर असतो, त्यात उगवण रोखणारे घटक असतात. म्हणून तर फळात एवढी ओल असूनही बी सहसा आतच रुजत नाही. बियांसकट गर वाटीत घेतला, जरा पाणी घालून आंबवायला ठेवला. दोन-तीन दिवसांत वर पांढरट थर धरला आणि वास असा सुटला की घरच्यांनी वाटीची रवानगी बाहेर केली. मग बी चाळणीत चोळून धुतलं, वर तरंगलेलं पोकळ बी ओतून दिलं आणि तळाचं ताटलीत पसरून सावलीत वाळवलं. कागदावर पसरलं असतं तर खरवडून काढावं लागलं असतं.

पेरणीला बागेतली माती मुद्दाम घेतली नाही. ट्रेच्या छोट्या कप्प्यांत ती दोन-चार पाण्यांत घट्ट बसते, शिवाय तिच्यातून रोगाची बुरशी यायची भीती. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत मिसळून भिजवलं. मूठ दाबली की गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये, एवढीच ओल. प्रत्येक कप्प्यात दोन बिया, जेमतेम अर्धा ते एक सेंटीमीटर खोल. ट्रेवर प्लॅस्टिक झाकलं. उगवणीला उजेड लागत नाही, ऊब लागते. मिश्रणाचं तापमान 21 ते 27 अंश सेल्सिअस असेल तर 5 ते 10 दिवसांत कोंब दिसतात. 10 अंशांच्या खाली बी नुसतं पडून राहतं.

कोंब वाकलेल्या स्थितीतच माती फोडतो आणि मग सरळ होतो. काहींच्या दलपत्रांच्या, म्हणजे बियांतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या टोकांना बियांचं टरफल अडकून बसलं होतं. ते कोरडं ओढलं तर पानासकट तुटतं. बोटाने पाण्याचा थेंब सोडला, टरफल मऊ होऊ दिलं, तेव्हा ते अलगद निघालं.

पहिले कोंब दिसताच प्लॅस्टिक काढलं आणि ट्रे दिव्याखाली नेला. खिडकीतला एका बाजूचा उजेड बहुतेक वेळा पुरत नाही, रोपं त्या दिशेला लांबत जातात आणि खोड काडीसारखं बारीक राहतं. साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या शेंड्यांपासून 5 ते 8 सेंटीमीटर वर टांगली. दिवसाला 14 ते 16 तास चालू, रात्री बंद, आणि रोपं वाढतील तशी ट्यूब वर.

पाण्याच्या बाबतीत मी कंजूष झाले. सतत ओल राहिली की पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशी रोपाला मातीलगत धरतात. बुंधा पाणचट होऊन बारीक पडतो आणि काल टवटवीत असलेलं रोप आज आडवं. त्यावर नंतर औषध नाही, आधीच जपायचं. म्हणून वरून शिंपण्याऐवजी ट्रे पाण्यात ठेवायचा, खालून ओल चढू द्यायची आणि उरलेलं पाणी ओतून द्यायचं. वरचा थर सुकलेला दिसला तरच पुढचं पाणी. छोटा पंखाही मंद लावला. शिवाय जाता-येता शेंड्यांवरून हात फिरवायचे. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण हलतं राहिलेलं रोप कमी उंच आणि जाड खोडाचं होतं, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे.

दलपत्रं गुळगुळीत असतात. त्यानंतरची खरी पानं कातरलेली, आणि चोळली की टोमॅटोचा तो उग्र वास येतो. ती दिसल्यावर कप्प्यातलं दुबळं रोप कात्रीने कापलं, उपटलं नाही, कारण शेजारच्याची मुळं दुखावतात. उरलेलं रोप वेगळ्या कपामध्ये हलवताना पानाला धरलं. पान गेलं तर दुसरं येतं, खोड चिरडलं तर रोप गेलं. कपामध्ये ते दलपत्रांपर्यंत गाडलं. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात, त्यामुळे लांबलेलं रोपही इथे सावरतं. पातळ केलेलं खत सुरू केलं ते यानंतरच. काही पानं खालून जांभळी झाली होती. ते बहुतेकदा गारठ्यामुळे होतं, मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही. ऊब वाढवली, नवी पानं हिरवी आली.

बाहेर नेण्याआधी सात ते दहा दिवस उन्हाची सवय लावली. आधी सावलीत तास-दोन तास, मग कोवळं ऊन, मग वाऱ्यात. थेट कडक उन्हात ठेवलं की पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडतात. रोपं 15 सेंटीमीटरच्या आसपास झाल्यावर एका संध्याकाळी लावली, खालची पानं काढून खोलवर. बुटक्या जातींत 45 सेंटीमीटर अंतर, उंच जातींत 60. उंच जातींच्या काठ्या त्याच वेळी रोवल्या, कारण नंतर ठोकल्या तर पसरलेली मुळं तुटतात.