फोल्डिंग स्टॉकची बिजागरी: शोल्डर बोल्ट बसला, खडखड गेली

मंडळी, माझ्या ०.१७७ इंची पीसीपी एअर रायफलच्या (आधीच दाबाने हवा भरून ठेवायची रायफल) फोल्डिंग स्टॉकचं, म्हणजे घडीच्या दस्त्याचं, काम अखेर मार्गी लागलं. रायफल सेकंडहँड. बिजागरीतला मूळ स्क्रू माझ्याकडे येण्याआधीच गायब झालेला. त्याच्या जागी कुणीतरी पूर्ण आट्यांचा एम६ (६ मिमी) ॲलन बोल्ट घातला होता, आणि ८ मिमीच्या भोकातली मोकळी जागा भरायला तांब्याच्या नळीचा तुकडा. स्टॉक उघडून लॉक केला तरी बट (खांद्याला टेकणारं टोक) धरून हलवला की खडखड व्हायचीच.

ही खडखड किती महागात पडते ते बघा. बिजागरीची पकड साधारण २५ मिमी, बटप्लेट तिथून २५० मिमी मागे. म्हणजे बिजागरीत ०.१ मिमी ढिलाई असेल तर बटपाशी ती १ मिमी होते. गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो, डोळा स्कोपच्या मधोमध राहत नाही, आणि ग्रुप पसरला की आपण छर्ऱ्यांचा डबा बदलतो. माझं स्पष्ट मत आहे की फोल्डिंग स्टॉक असेल तर छर्रे बदलण्याआधी बिजागरी तपासावी.

आधी मापं. एम६ चा पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, तो गेजवर लगेच जुळला. मूळ भाग शोल्डर बोल्ट (गुळगुळीत जाड अंग, फक्त टोकाला आटे) होता हे भोकावरूनच कळतं: वरचा ८ मिमीचा भाग गुळगुळीत, तळाशी एम६ चे आटे. ८ मिमी अंग आणि एम६ आटा ही शोल्डर बोल्टची ठरलेलीच जोडी आहे, त्यामुळे खास बनवून घ्यायची गरज नव्हती. वागळे इस्टेटमध्ये, किसननगरच्या बाजूला, ज्यांच्याकडे मी लेथची कामं नेतो त्या काकांना बिजागरी दाखवली. त्यांनी जुना बोल्ट हातात घेतला, नखाने आट्यांवरून खरवडलं आणि म्हणाले, "अहो, आटा आवळायला असतो. भार अंगावर घ्यायचा." भोकात टॉर्च मारून त्यांनी कड दाखवली. ॲल्युमिनियमवर आट्यांच्या बारीक रेघा उमटल्या होत्या, पण भोक अजून गोल होतं. अंडाकृती झालं असतं तर रीमर मारून बुश ठोकावा लागला असता.

बोल्ट मिळाला मुंबईत मशीद स्टेशनजवळच्या नागदेवी स्ट्रीटला. ठाण्याहून जाणार असाल तर धीमी लोकल पकडा, फास्ट गाडी मशीदला थांबत नाही. आणि सोबत फक्त बिजागरी न्या. गर्दीच्या लोकलमध्ये आख्खी रायफल घेऊन फिरणं कुणाच्याच सोयीचं नाही. दुकानात "शोल्डर बोल्ट, आठ बाय पंचवीस" एवढं सांगितलं की पुरतं. १२.९ ग्रेडचा (जास्त ताकदीच्या पोलादाचा), काळा, डोक्यावर शिक्का असलेलाच घ्या.

खरी मजा पुढे होती. बोल्टचं अंग २५ मिमी, आणि माझ्या बिजागरीची जाडी डोक्याच्या बैठकीपासून आट्यांच्या तोंडापर्यंत २४.७. म्हणजे ०.३ मिमीचा खेळ. लेथवर अंग छाटणं हा एक मार्ग, पण १२.९ चं पोलाद कडक असतं आणि छाटल्यावर आट्याचा गळाही नव्याने काढावा लागतो. त्यापेक्षा ०.२ ची पितळी शिम (पातळ चकती) कापून डोक्याखाली घातली. उरला ०.१. मग ०.०५ ची आणखी एक. आता स्टॉक बोटाने फिरतो, वर-खाली मात्र हलत नाही. शिमची आतली कड बारीक पॉलिश पेपरने साफ करा. एवढीशी बर (कापताना उरलेली खरखरीत धार) राहिली तरी बोल्ट तिरका बसतो.

दुसरं प्रकरण बाजूच्या प्लेटचं. तिथले दोन सीएसके (काउंटरसंक, शंकूच्या डोक्याचे) स्क्रू इंची निघाले, १०-३२ (१० नंबर, इंचाला ३२ आटे). इथे नीट लक्ष द्या, कारण पिच गेज फसवतो: १०-३२ चा पिच ०.७९४ मिमी आणि एम५ चा ०.८. जाडीतला फरक व्हर्नियरवर दिसतो, ४.८३ विरुद्ध ५. शिवाय इंची सीएसकेचं डोकं ८२ अंशांचं, मेट्रिकचं ९०. ९० चं डोकं ८२ च्या खळग्यात फक्त वरच्या कडेला टेकतं. माझ्या प्लेटवर तशी एक चकचकीत बारीक रिंग होती, म्हणजे आधी कुणीतरी तिथे मेट्रिक स्क्रू रेटलेला. नशिबाने आतले आटे शाबूत होते. १०-३२ त्याच गल्लीत मिळाले, स्टेनलेसचे. इथे भार कमी, त्यामुळे स्टेनलेस चालतं.

बसवताना रायफलमधली हवा पूर्ण सोडली आणि ब्रीच (छर्रा भरायची जागा) रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहिलं. आटे थिनरने पुसून लॉकटाइट २४३ (आटे सैल होऊ न देणारा द्रव) चा एक थेंब, फक्त आट्यांवर. लाल २७१ नको. तो सोडवायला बोल्ट तापवावा लागतो आणि शेजारचा ॲनोडाइज्ड रंग जातो. बोल्टच्या अंगाला ग्रीसचा पातळ हात दिला. ते बोट फिल व्हॉल्व्हजवळ (हवा भरायच्या तोंडाजवळ) मात्र अजिबात नेऊ नका: दाबाखालच्या हवेत पेट्रोलियम ग्रीस पेट घेऊ शकतं. मग २४ तास स्टॉकला हात लावला नाही.

काळा बोल्ट खाडीच्या हवेत गंजतो, म्हणून कुणीतरी झिंक प्लेटिंग सुचवेल. १२.९ वर ते करून घेऊ नका. प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतो. पावसाळ्यात आठवड्याला तेलाचं फडकं फिरवा, पुरेसं आहे.

बोल्टच्या डोक्यावरून बिजागरीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे, सरकला तर लगेच दिसेल. आता लॉकच्या बटणाखालची स्प्रिंग उरली. ती थोडी मऊ वाटते. कुणाकडे त्या बटणाच्या स्प्रिंगच्या तारेची जाडी आणि वेढ्यांची मापं असतील तर कळवा.