गुडघ्यांची काळजी सगळ्यांना, पोटरीची कुणालाच नाही

साठी ओलांडलेल्या बाईने पळायचं नाव काढलं की ऐकणारा आधी तिच्या गुडघ्यांकडे बघतो. "या वयात? गुडघे जातील हं." मलाही हेच सांगणारे पुष्कळ भेटले, आणि सगळे मायेनेच सांगत होते. मी सातारची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी चालायला जायची सवय लागली आणि साठीनंतर त्या चालण्याचं हळूहळू पळणं झालं. माझ्या गुडघ्यांची आजवर तक्रार नाही. पण ज्या गोष्टींनी मला खरोखर अडवलं त्यांच्याबद्दल आधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्या लिहून ठेवाव्यात असं फार दिवस मनात होतं, विशेषतः बायकांसाठी.

आमच्या गावात २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. पावसाळा सरता सरता हजारो माणसं समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढतात, कासच्या रस्त्याला लागतात आणि परत गावात उतरतात. २१ किलोमीटरच्या वर अंतर, त्यात निम्मा चढ आणि निम्मा उतार. मी दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवायची. एकदा माझ्यापेक्षा नक्कीच मोठ्या असलेल्या एक बाई समोरून गेल्या. चेहऱ्यावर ताण नाही, शेजारणीशी गप्पा मारत चालल्या होत्या. त्या दिवशी घरी येऊन मी यांना म्हटलं, मला हे करायचंय. हे म्हणाले, "कर, पण आधी डॉक्टरांना विचार." म्हणून आधी डॉक्टर.

डॉक्टरांनी गुडघ्यांवर फारसा वेळ घालवलाच नाही. त्यांचं लक्ष हृदयाकडे. मला बीपीची गोळी चालू आहे, वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेलेला. तेव्हा ईसीजी, टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि पट्ट्यावर चालवून हृदय तपासणारी टीएमटी सांगितली. रक्तातून साखरेची तीन महिन्यांची सरासरी, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा.

टीएमटीची बऱ्याच जणींना भीती वाटते म्हणून थोडं सविस्तर सांगते. छातीला वायरी चिकटवतात, दंडाला बीपीचा पट्टा बांधतात आणि चालत्या पट्ट्यावर उभं करतात. सुरुवातीचा वेग अगदीच कमी असतो, ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, पण पट्टा चढाला लावलेला असतो. मग दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. शेजारी डॉक्टर पडद्यावर नजर ठेवून असतात आणि आपण 'बास' म्हटलं की थांबवतात. माझी बीपीची गोळी बीटा ब्लॉकर गटातली आहे. तिने हृदयाचे ठोके वाढायला अटकाव होतो, त्यामुळे चाचणीच्या आधी ती घ्यायची की थांबवायची हे डॉक्टरांनीच ठरवून दिलं. आपल्या मनाने अशी गोळी एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

चाचणी चांगली आली. डॉक्टर म्हणाले, "पळा बाई. फक्त छातीत दाब, जबड्यात, हातात किंवा पाठीत दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं. त्या वळणापर्यंत जाऊ आणि मग बघू, असं नाही." हे वाक्य मी आजही पाळते.

पळायला शिकवलं माझ्याच एका विद्यार्थ्याने. चौथीत माझ्या वर्गात होता, आता स्वतः पळतो आणि इतरांना पळवतो. पहिल्या दिवशी त्याने मला एक मिनिट पळायला आणि दोन मिनिटं चालायला सांगितलं. वीस मिनिटांत संपलं. मला वाटलं, एवढंच? तो म्हणाला, "बाई, परवा या. उद्या नाही." पळण्यात मुद्दाम मध्ये मध्ये चालायची ही रीत जेफ गॅलोवे या अमेरिकन ऑलिंपिक धावपटूने १९७० च्या दशकात रूढ केली. उतारवयात तिचा खरा फायदा असा की पाय दमायच्या आधीच त्यांना विसावा मिळतो.

वेगाबद्दल त्याचा एकच नियम होता. पळताना बोलता आलं पाहिजे. शब्द तुटला की चालायला लागायचं. मी त्यासाठी एकोणतीसचा पाढा धरला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकेक ओळ एका श्वासात निघाली पाहिजे. निघत नसेल तर वेग जास्त आहे. मुलाने पुण्याहून ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं होतं, पण जास्तीत जास्त ठोके किती ते काढायला २२० मधून वय वजा करायचा जो हिशोब सगळे सांगतात तो मुळातच ढोबळ आहे, आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्याच्या तर कामाचाच नाही. माझे ठोके गोळीमुळे कमीच दिसतात, म्हणजे घड्याळ 'अजून पळ' म्हणतं तेव्हा मी दमलेली असते. पाढा मात्र बरोबर सांगतो.

या वेगाने पळताना भराभर चालणारे लोक मला मागे टाकून जातात. त्याचं मला काही वाटत नाही. दम राखून पळल्यामुळेच डोंगर दिसतात, अजिंक्यताऱ्यावरचं धुकं कसं सरकतंय ते दिसतं, शेजारणीशी बोलता येतं. पळण्यातला आनंद मला तिथेच सापडला.

पोटरीचं आता. सगळं छान चाललेलं असताना एका सकाळी बोगद्याकडच्या चढावर मागून कुणी खडा मारावा तशी पोटरीत कळ आली. मी वळून बघितलंसुद्धा. मागे कुणी नव्हतं. पाय टेकवेना. रिक्षा करून घरी आले. (पोटरी दुखते आणि सोबत सूज, लाली किंवा गरमपणा असेल तर रक्ताची गुठळी नाही ना हे डॉक्टरांकडून आधी बघून घ्यावं. माझंही तसं बघितलं गेलं.)

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या सुनेच्या वयाची. तिने मला एका पायावर उभं करून टाच उचलायला सांगितली. चार-पाच वेळा झालं आणि पाय थरथरायला लागला. "काकू, तुमचा गुडघा उत्तम आहे. अडचण इथे आहे," म्हणून तिने पोटरीवर बोट ठेवलं. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि ताकद त्याहून लवकर जाते. पळताना शरीर पुढे ढकलण्याचं मोठं काम पोटरी करते, प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार ती उचलते. वयस्कर पळणाऱ्यांचं पाऊल आखूड होतं ते मुख्यतः या ढकलण्यातला जोर कमी झाल्यामुळे, आणि पोटरी नि टाचेमागची शीर दुखावणंही त्यांच्यात जास्त दिसतं. हे मला आधी कुणी का सांगितलं नाही, असं फार वाटलं.

तिने दिलेला व्यायाम आमच्या घराच्या पायरीवर होतो. चवडे पायरीच्या कडेवर, टाचा हवेत, एक हात भिंतीला. तीन आकडे मोजत वर जायचं, तीन मोजत टाचा पायरीच्या खाली न्यायच्या. आधी गुडघे ताठ ठेवून, मग थोडे वाकवून, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू असतात आणि आतल्या स्नायूवर गुडघा वाकवला की जास्त काम पडतं. दोन्ही पायांवर सोपं झालं की एका पायावर. तेही जमलं की पाठीवर सॅक, सॅकमध्ये ज्वारीची पिशवी. जोडीला हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं. आठवड्यातून दोनदा हे ठरलेलं, पाऊस असो की पाहुणे. एखाद्या आठवड्यात काहीतरी सोडावंच लागलं तर मी पळणं सोडते, पायरी सोडत नाही.

गुडघ्यांबद्दल म्हणाल तर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशीपुढच्या पळणाऱ्या आणि न पळणाऱ्या लोकांचा दोन दशकं मागोवा घेतला. १९ वर्षांनंतर न पळणाऱ्यांतले ३४ टक्के लोक हयात नव्हते, पळणाऱ्यांतले १५ टक्के. त्याच गटातल्या काही जणांच्या गुडघ्यांचे एक्स-रे वर्षानुवर्षं काढले, तेव्हा पळणाऱ्यांचे गुडघे जास्त झिजलेले आढळले नाहीत. पळणारी माणसं मुळातच तब्येतीने बरी असणार, हे लक्षात घेऊनच ते आकडे वाचले पाहिजेत. आणि ज्यांचे गुडघे आधीच झिजलेत त्यांनी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पण 'पळलं की गुडघे गेलेच' याला आधार नाही.

आता एक गोष्ट जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. पळायला लागल्यावर मला लघवीचे थेंब जायला लागले. शिंकताना, खोकताना आधीही कधी कधी व्हायचं, पण पळताना तर प्रत्येक फेरीला. बाळंतपणं आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. कितीतरी जणी एवढ्याच कारणाने पळणं काय, जोरात हसणंसुद्धा सोडतात. फिजिओकडे मी हे बोलले तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं बोललात काकू, बहुतेक जणी बोलतच नाहीत." लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू आवळून धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे, दिवसातून तीन वेळा, श्वास न रोखता. फरक पडायला काही महिने लागतात. मला पडला. तोवर पॅड लावून पळाले. त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. छातीला नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्राही बुटांइतकीच गरजेची, आणि ती दुकानात जाऊन, घालून, दोन उड्या मारून बघूनच घ्यावी.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. एवढंच.

खाण्यात मोठा बदल करावा लागला. आपल्या ताटात भाकरी-भात भरपूर आणि प्रथिनं बेताची. उतारवयात स्नायू टिकवायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. माझ्यासाठी ते साठ-सत्तर ग्रॅम झालं, आणि नुसत्या आमटीने ते भरून निघत नाही. आता सकाळी पळून आल्यावर दोन अंडी, दुपारी वाघ्या घेवड्याची किंवा मटकीची उसळ, वाटीभर दही, रात्री पिठलं किंवा पनीर असतंच. दुखतंय म्हणून पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेणारे मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात, बीपीही वाढवतात. शिवाय दुखणं झाकलं जातं ते वेगळंच.

रस्त्याची भीती मला हृदयापेक्षा जास्त वाटते. धावपटू फौजा सिंग यांनी ८९ व्या वर्षी पहिली मॅरेथॉन पळली, शंभरीत टोरोंटोची मॅरेथॉन पूर्ण केली. ते गेले ते २०२५ च्या जुलैमध्ये, वयाच्या ११४ व्या वर्षी, जालंधरजवळच्या आपल्या गावी रस्त्यावर गाडीने उडवल्यामुळे. ती बातमी वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते. मी उजाडल्याशिवाय निघत नाही. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळते, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, कानात काहीही नाही. खिशात फोन आणि एक चिठ्ठी: नाव, घरचा नंबर, चालू गोळ्या. कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही. थांबायचं, डोळ्यात बघायचं नाही, त्यांच्याकडे पाठ न करता सावकाश बाजूला व्हायचं. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजची लस.

घाटाची तयारी वेगळी. चढ मी चालतच चढते, चढावर चालण्यात काही उणं नाही. खरा त्रास उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात जात भार झेलतात आणि त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. त्यावर उपाय म्हणजे आधीपासून थोडा थोडा उतार पळून ठेवणं. स्नायूंना सवय होते. पाऊल आखूड ठेवायचं, टाच पुढे फेकायची नाही, आणि पावसात रस्त्याची शेवाळलेली कड टाळायची.

पहिल्या वर्षी मी नाव घातलं नाही, नुसती यवतेश्वरपर्यंत जाऊन आले. पुढच्या वर्षी नाव घातलं. त्या सकाळी घाटात इतकं धुकं की पुढची माणसं दिसत नव्हती, नुसते बुटांचे आवाज. पाण्याच्या टेबलावर माझ्या शाळेतली दोन पोरं उभी होती. "बाई, तुम्ही?" म्हणून एकाने ग्लास पुढे केला आणि दुसरा माझ्याबरोबर वळणापर्यंत पळत आला. शेवटच्या टप्प्यात राजवाड्याजवळ लोकांच्या टाळ्यांत मी पाढा म्हणून बघितला. ओळ एका श्वासात निघाली. पदक गळ्यात पडलं तेव्हा हे फाटकाजवळ कंदी पेढे घेऊन उभे होते. नंतरचा आठवडा फक्त चालणं.

आता आमच्या कॉलनीतल्या काही जणी बरोबर येतात. सुरुवातीला नुसतं चालणं आणि पायरीवरचा व्यायाम. बीपी, साखर किंवा घरात हृदयविकार असेल तर डॉक्टरांचा होकार आल्याशिवाय मी कुणाला पळू देत नाही, मग ती कितीही रागावो. शेजारच्या वहिनींची टीएमटी गेल्या आठवड्यात झाली, रिपोर्ट चांगला आहे. मंगळवारपासून त्या एक मिनिट पळणार, दोन मिनिटं चालणार.