टँकर येतो तेव्हा लॅबमधलं पाणी कुठे जातं

गेली चौदा वर्षं मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे, पोरं काका म्हणतात. आमचं कॉलेज रत्नागिरीच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पायाखाली जांभा दगड, वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो. पावसाचे चार महिने छत्री उलटी होते इतका पाऊस, आणि एप्रिल लागला की गेटमधून टँकर आत येतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही, पण कोकणात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जांभा चाळणीसारखा, पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र, पडलं की पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीत.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. बाहेर टँकर टाकीत रिकामा होत होता आणि आत लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट सकाळपासून चालू होता. त्या प्लांटला वाफ थंड करायला सतत नळाचं पाणी फिरवावं लागतं, ते पाणी रबरी नळीतून थेट बेसिनमध्ये जातं, आम्ही नोकरीला लागल्यापासून जातंय. एसवायची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, एक मुलगी नळीखाली हात धरून उभी होती. म्हणाली, "काका, हे पाणी खराब असतं का?" म्हटलं, "नाही गो, नुसतं गरम झालेलं असतं." "मग सोडताय कशाला?"

आम्ही दोघांनी मिळून मोजलं. एक लिटर डिस्टिल्ड पाणी जमेपर्यंत नळीखालची पंधरा लिटरची बादली भरत आली. प्रॅक्टिकलच्या दिवसांत पाच-सहा लिटर लागतं, म्हणजे रोज सत्तर-ऐंशी लिटर चांगलं पाणी गटारात, आणि ते पण टँकरचं! दुसऱ्या दिवशी स्टोअरमधला रिकामा निळा पिंप धुऊन खिडकीखाली ठेवला, चार फूट जादा नळी लावली, झालं. आता काचेची भांडी पहिल्यांदा त्याच पाण्याने विसळतो, फक्त शेवटचा हात डिस्टिल्डचा, लादी पण त्यातच पुसली जाते आणि उरलेलं कोकमाच्या रोपांना.

मला सांगायचंय ते हेच की कॅम्पसमधली नासाडी कुठे चाललीय ते रोज तिथे हात घालणाऱ्या माणसाला आणि नवीन आलेल्या पोराला दिसतं, पोस्टर लावून नाही दिसत. पण दिसून पुढे काही व्हायचं तर ज्याच्या सहीने काम होतं त्याने ऐकायला पाहिजे. आमच्या मॅडमनी ऐकलं. टायट्रेशनला, म्हणजे थेंबथेंब द्रावण घालून मोजायच्या प्रयोगाला, २५ मिलीचं पिपेट (मोजायची काचेची नळी) लागायचं, त्यांनी जिथे चालतं तिथे १० मिलीवर आणलं, आकडे नीट येतात, अ‍ॅसिड-अल्कली निम्म्याहून कमी लागतं आणि सिंकमध्ये जाणारं केमिकल पण तेवढंच घटलं. हे मी कितीही बोललो असतो तरी माझ्या हातात नव्हतं, जर्नलमध्ये मॅडमनी लिहिलं म्हणून झालं.

आता छपराचं पाणी. हिशेब अगदी सोपा आहे, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्याकडे मोसमात ३००० मिलिमीटर सहज पडतो. ४०० चौरस मीटरचं छप्पर धरा, १२ लाख लिटर होतात, गळती-उडती वजा करून ८० टक्के जरी धरले तरी साडेनऊ लाखांच्या वर, म्हणजे १०,००० लिटरचे ९६ टँकर. एवढं सगळं साठवायला टाकी कुठून आणणार, ते खरंच आहे, पण मे महिन्यातले पाच-सहा टँकर वाचले तरी खूप झालं.

आमच्याकडे नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या तपासणीच्या वेळी छपराच्या पाण्याचे पाइप बसवले होते. फोटो झाले, फाइल झाली. नंतर फणसाची पानं पन्हळात अडकली, पाणी भिंतीत मुरायला लागलं आणि लॅबच्या मागच्या भिंतीला शेवाळ आलं तेव्हा कुणीतरी वर चढलं. खालचा व्हॉल्व्ह तर कुणी उघडलाच नव्हता. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी त्या व्हॉल्व्हमधून बाहेर सोडायचं असतं, कारण त्यात धूळ, पक्ष्यांची घाण, पानं असतात, आणि मग बंद करून पाणी टाकीकडे वळवायचं. एवढंच काम, पण ते कुणाचं हे ठरलेलं नव्हतं. पोरं तीन वर्षांत निघून जातात, प्राध्यापकांच्या बदल्या होतात, मग कोण लक्षात ठेवणार.

एनएसएसचं पण सांगतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरून वनराई बंधारा घालायला पोरांना फार आवडतं, पण कॅम्प डिसेंबर-जानेवारीत असतो आणि तोपर्यंत आमच्या पऱ्याची धार करंगळीएवढी झालेली असते. आता दिवाळीच्या सुट्टीआधीचा एक रविवार त्यालाच ठेवतो, वाहतं पाणी असतानाच अडवायचं. बंधारा घातला की खालच्या वाडीतल्या विहिरीला पण फायदा होतो, तिथले लोक पोरांना पेज करून घालतात.

झाडांबद्दल माझं मत जरा कडक आहे. ५ जूनला खड्डे मारण्याआधी मागच्या वर्षीची किती जगली ते मोजा. वणव्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, काढली नाही तर फेब्रुवारीत सगळं काळं होतं. ऑस्ट्रेलियन बाभूळ तर आणूच नका, ऐन, किंजळ, उंडी, रातांबा लावा, आणि उघड्या कातळावर काहीच लावू नका, श्रावणात तिथे जी फुलं येतात ती सड्याचीच आहेत, त्यांना तसंच राहू द्या.

पातेऱ्याचं, म्हणजे पडलेल्या सुक्या पानांचं, मात्र झाडणाऱ्या मावशींमुळे झालं. त्या रोज सकाळी झाडून पानं पेटवायच्या, सगळ्या वर्गात धूर. खड्डा करू म्हटलं तर म्हणाल्या, "तिथे साप येईल, मग कोण काढणार?" बरोबर होतं त्यांचं. मग इमारतीपासून लांब, चिऱ्याच्या तीन भिंती घालून हौद केला, आणि त्यात कँटीनची भाजीची देठं आणि शेणकाला घालायचं काम पोरांनी घेतलं. पहिलं खत मावशी घरी घेऊन गेल्या, त्यांच्या परसात पडवळ आलं होतं.

पंख्याचं ऑफिसला लिहून दिलंय, जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, कमी वीज खाणारा नवीन बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या. जळेल तो बदलताना तरी बीएलडीसी घ्या एवढंच मागणं आहे. आणि शेवटचं लेक्चर सुटायची वेळ एसटीला जुळवा, वीस मिनिटांसाठी गाडी चुकली की पोरं एसटीचा पास असून बाइकवर तिघं-तिघं जातात.

व्हॉल्व्हचं आता असं केलंय. चावी माझ्या टेबलामागे खिळ्याला असते, खाली पुठ्ठ्यावर दोन नावं, एक एसवायचं आणि एक एफवायचं, पुढच्या वर्षी एफवायवालं वर सरकतं आणि नवीन नाव येतं. नळीखाली हात धरणारी ती मुलगी गेल्या वर्षी पास होऊन गेली, तिने जाताना पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून ठेवलंय, मृगाआधी पन्हळ साफ करणे. यंदा मे महिन्यातच दोघं शिडी घेऊन आली होती.