बंद घराचा ताबा

आत्याचं संगमेश्वर तालुक्यातलं घर वर्षातून दोनदाच उघडतं, गणपतीला आणि शिमग्याला. यंदा वाडीतून फोन आला, पडवीचं कुलूप तोडून कोणीतरी आत संसार मांडलाय. आत्या मुंबईहून रात्रीच्या गाडीने गेली. पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा."

हे उत्तर अर्धंच आहे. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांनी स्वतःहून कोणाला घराबाहेर काढू नये, हे मला मान्य आहे. मालक कोण हे ठाण्यात ठरू लागलं, तर उद्या एखाद्या गरीब कुळालाही असंच हाकलतील. पण दुसऱ्याच्या ताब्यातल्या घरात बेकायदा घुसणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीची वाट न बघता पोलीस तो नोंदवू शकतात. 'दिवाणी' म्हटल्याने तो पुसला जात नाही.

दुसरी वाट तहसीलदारांकडून जाते. ताब्यावरून शांतताभंगाची भीती असेल, तर पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे इथे तहसीलदारांना, अहवाल देऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम 164 खाली दंडाधिकारी फक्त ताबा कोणाचा होता एवढंच बघतात, मालकी नाही. अहवाल पोहोचण्याआधीच्या दोन महिन्यांत जबरदस्तीने बाहेर काढलेल्याला ताबेदारच मानता येतं. म्हणून घाई महत्त्वाची. चाकरमानी म्हणतात, "मे महिन्यात गावी गेलो की बघू." तोवर ही मुदत टळलेली असते. मग उरतो विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (Specific Relief Act) कलम 6 खालचा दिवाणी दावा, ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत, तोही ताब्यावरच. बारा वर्षं गप्प बसलात तर मालकी हक्कच गमावण्याची वेळ येते.

आणि मुंबईत राहून ताबा कसा दाखवायचा? घराला आपलं कुलूप होतं, किल्ली आपल्याकडे होती, ही साधी गोष्ट कायद्याला कळते. आत्याने घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिलं काढली. त्याच माजघरातल्या मखराचे वर्षानुवर्षांचे फोटो जोडले. पोलीस पाटलांनी कुलूप शाबूत कधी पाहिलं होतं ते लिहून दिलं. यावेळी अर्ज लेखी होता, पोच घेतली आणि एक प्रत थेट तहसील कार्यालयात दिली.

आता दोन्ही बाजूंना नोटीस निघाली आहे. आत राहणाऱ्या माणसाचं म्हणणंही नीट ऐकलं जावं असं मला मनापासून वाटतं. त्याच्याकडे काही कागद असेल तर तो त्याने तिथे दाखवावा.